मोठ्यानं वाच

बायको गेली तेव्हा मुलगी सातवीत होती. नववीत तिला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि भावकीतला जो तो मला शहाणपण शिकवायला लागला. "पोरीची जात हाय, नेटवर कोण कसला भेटंल, लक्ष ठेवा." शिरोलीच्या फाउंड्रीत माझी हयात गेली. इंग्रजी मला ड्रॉइंगवरच्या आकड्यांपुरतं. पडद्यावर काय चाललंय ते मला काय ढेकळं कळणार होतं?

म्हणून मी माझा कायदा काढला. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, सोप्यात राहील, मी पाळीवरून आल्यावरच नेट लागेल आणि पडद्यावर जे येईल ते तिनं मराठीत मोठ्यानं वाचायचं.

तिच्यामागं खुर्ची टाकून मी लसूण सोलत बसायचो. चॅटवर तिला सांगलीची एक मैत्रीण मिळाली होती, तिच्याच वयाची. पोरगी वाचायची, "इचारतीय, तुमच्याकडं पाऊस हाय का?"

"हाय की. नदीला पाणी किती आलंय इचार."

खरं सांगायचं तर राखण हे निमित्त होतं. बायको गेल्यापासून घरात भांड्यांशिवाय आवाज नव्हता. पोरगी वाचायला लागली की मला बरं वाटायचं. नेट लागलं की फोन बंद पडायचा, त्यावरून बहीण माझ्या नावानं शंख करायची, तरी मी पोरीला कधी आवर म्हटलं नाही.

एका संध्याकाळी तिनं वाचलं, "जेवण झालं का, इचारतीय."

मी मान वर केली. पडद्यावर चांगल्या चार ओळी होत्या.

"एवढ्या लांबड्यात एवढंच?"

ती रडायला लागली. रविवारी रंकाळ्यावर भेटूया, एकटीच ये, पप्पांना सांगू नको, असं त्यात होतं.

वायर उपसून फेकावी असं वाटलं. पण तिचा त्या मैत्रिणीवर जीव होता. वायर उपसली असती तर जन्मभर मीच वाईट ठरलो असतो. "जाऊ की दोघं," म्हटलं.

रविवारी ती कठड्यावर बसली, कळवल्याप्रमाणे पिवळा ड्रेस घालून. मी हाकेच्या अंतरावर भेळेच्या गाडीशी उभा राहिलो. मुलगी कुणी आली नाही. माझ्याच वयाचा एक माणूस आला आणि पोरीनं चॅटवर घेतलेल्या नावानं त्यानं तिला हाक मारली. मी पुढं झालो. "पावणं, कुणाकडं आलाय?" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि गर्दीत घुसला. मी मागं पळालो, पण तो गावला नाही. चौकीत सांगितलं आणि तिला घेऊन घरी निघालो.

"सुटलीस बघ," मी स्कूटरवर म्हटलं. मागून हुंदका आला.

"त्याला मी आईचं सगळं सांगितलं हुतं."

"कवा? मी तर मागंच बसलेलो."

"ते मी वाचत नव्हते."

"का गं?"

"आईचं नाव काढलं की तुम्ही उठून आत जाता."

ते खरंच होतं. कुणी तिचा विषय काढला की मला गॅसवरचं दूध आठवायचं.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची टाकली. लसूण घेतला नाही. "आईचं काय लिहिलंवतंस, ते वाच की."

"पुसलं सगळं, पप्पा."

"मग तोंडानं सांग."

तिनं बंद पडद्यावर कापड टाकलं. "काय न्हाय, असंच," म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली. त्या दिवशी मी सोप्यातच बसून राहिलो.

आता ती पुण्यात नोकरीला आहे. दर रविवारी फोन येतो. "जेवण झालं का, पप्पा?" विचारते. झालं म्हणतो. तिनं आईबद्दल जे लिहिलं होतं ते रंकाळ्यावरच्या त्या माणसानं वाचलंय. मला ते अजून ठाऊक नाही.