दादाची तंबाखूपट्टी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या बसस्टँडवर सिरसाळ्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. त्याच्याशी भांडायला निघाले होते. गेलेल्या माणसाबद्दल पहिल्याच परिच्छेदात असं लिहू नये, एवढं मलाही कळतं. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलंय. पण दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल. आमचं भांडण अर्ध्यावर होतं, माझे मुद्दे तयार होते, आणि हा पठ्ठ्या नेहमीसारखा मधूनच उठून गेला. फोनवर वहिनी एवढंच म्हणाली, “सुमनताई, सुटलं बगा माणूस.” मी तशीच गाडीत बसले. वाटभर रडले, आणि रडता रडता मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. महिना उलटून गेला, त्या अजून संपलेल्या नाहीत.

सिरसाळ्याच्या पुढं आमचं गाव. गावाला तो आण्णा, मला दादा. दिसायला उमदा, बोलायला गोड, आणि ओठाखाली कायम तंबाखूची गोळी. मिसरूड फुटायच्या आधीच लागलेली सवय. डाव्या तळहातावर तंबाखू-चुना मळत तो गप्पा मारायला लागला की समोरच्या माणसाला आपण कशासाठी आलो होतो तेच आठवत नसे. सरपंच झाला त्या वर्षी गावातलं एक बाळ छातीत कफ भरून मोटारसायकलवरून परळीला नेता नेता आईच्या मांडीवर गेलं. मोटारसायकल दादा चालवत होता. मागं बसलेल्या बाईचं रडणं अचानक बदललं, तेव्हाच त्याला समजलं होतं, असं तो मला म्हणाला होता. पण गाडी थांबवायची हिंमत झाली नाही... तसाच दवाखान्यापर्यंत गेला. पुढं कित्येक दिवस त्याला जेवण गेलं नाही. मग त्यानं ठरवलं, गावात लेकरांसाठी एक खोली पाहिजे. वाफ द्यायचं मशीन, औषधं, रोज येऊन बसणारी नर्स, आणि पोराचं जास्त झालं तर हाकेला येणारी जीप. इथपर्यंत माझा भाऊ मला देवमाणूस वाटत होता.

पैसा कुठून आणायचा, तर म्हणे तंबाखूवर. गावातल्या टपऱ्या आणि आठवडी बाजारात बसणारे तंबाखूवाले, सगळ्यांवर त्यानं जादा पट्टी बसवली. पाणीपट्टी, घरपट्टी तशी ही तंबाखूपट्टी. पुडी थोडी महाग झाली, कुणी कुरकुरलं नाही, आणि वर्षाच्या आत खोली उभी राहिली. पेपरात फोटो आला. मी तो पेपर घेऊनच गावी गेले आणि ओट्यावर त्याला गाठलं. म्हटलं, “पोराला वाफ मिळावी म्हणून बापानं तोंडाची नासाडी करायची? मेलेल्या बापाच्या पैशात जगवलेलं पोर, ही कुठली आरोग्यसेवा?” तो मळत होता ते मळतच राहिला. “आगं सुमे, अख्खं सरकार दारूच्या पैशावर चालतंय, तितं तुजं काय चालत न्हाई. माज्या खोलीवर कावून घसरतीस? खानारे आसंबी खानारच हायेत. मग त्येंच्या शौकातून दोन पोरं वाचली तर तुजं काय जातंय?” खरं सांगते, याला माझ्याकडं त्या दिवशी उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस जास्त चिडतो. मी चहा न घेता उठले.

उत्तर मला गावानंच दिलं. हळूहळू तंबाखू तोंडात टाकताना माणसं म्हणायला लागली, “पोरांच्या नावानं!” आधी थट्टेत, मग सवयीनं. बायकोनं हटकलं तरी हेच, डॉक्टरनं हटकलं तरी हेच. जे खाताना पूर्वी थोडी तरी चोरी वाटायची, ते आता चारचौघांत छाती फुगवून. मुलांच्या दवाखान्याला देणगी देतोय अशा थाटात लोक पिंक टाकत होते. पुढं नर्सचा पगार वाढवायची वेळ आली आणि गावात तिसरी टपरी आली. कुठं, तर शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. मी फोनवरच कडाडले. दादा म्हणाला, “भिंतीच्या आड हाय की. पोरांना दिसत बी न्हाई.” ज्या माणसानं लेकरासाठी जेवण सोडलं होतं, तो आता टपऱ्या वाढाव्यात म्हणून परवानगी देत होता! पैसा ज्यातून येतो ते वाढावंसंच वाटतं, माणूस कितीही भला असो. एवढी साधी गोष्ट त्या हुशार माणसाला दिसत नव्हती, की बघायची नव्हती, हे मी त्याला अनेकदा विचारलं. तो हसायचा.

मग एक दिवस त्याचं तोंड भाकरीचा घास जाईल एवढंही उघडेना. गालाच्या आत पांढरा चट्टा कधीचा होता, तो त्यानं वहिनीलाही दाखवला नव्हता. पुढचं सगळं तुमच्यापैकी कित्येकांनी आपल्या घरात पाहिलेलं असेल, म्हणून लिहीत बसत नाही. जबड्याची एक बाजू काढली. उमदा चेहरा अर्धा आत गेला. पूर्वी त्याच्या ओट्यावर जागा मिळायची नाही, आता कुणी फिरकेना. येत होती ती फक्त गल्लीतली लहान पोरं. ती मांडीवर चढून त्याच्या गालाच्या खड्ड्यात बोट घालायची आणि तो डोळ्यांनी हसायचा.

शेवटचं भांडण त्याच ओट्यावर झालं. मी म्हटलं, “आता तरी ग्रामसभेत उभा राहा. हे तोंड दाखव आणि तुझी पट्टी तूच बंद कर. खोली घरपट्टीवर चालव. पोरं सगळ्यांची आहेत, सगळ्यांनी द्यावं.” त्याचे निम्मे शब्द तोंडातून गळत होते, ते मी जोडून लिहिते. “आदी त्येच इचारलं हुतं, सुमे. ते लेकरू गेल्यावर पयल्या सभेत. घरामागं थोडं थोडं द्या म्हनलं... येक हात वर आला न्हाई. तंबाकूवर म्हनलं, तर सगळ्यांचे हात वर.” मला ते खोटं वाटलं. सोयीचं वाटलं. मी म्हटलं, “तू नीट विचारलं नसशील. तुझं ते गोड बोलणं, कुणाला दुखवायचं नाही... मी विचारते पुढच्या सभेत, बघ.” तो म्हणाला, “इचार की.” त्या सभेचं काय ते ठरवायलाच मी निघाले होते, तेव्हा स्टँडवर फोन आला.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. अमुक राहिलं का, तमुक राहिलं का, सगळं बोलून झालं. मग भाऊबंदांतल्या एका शहाण्यानं खिशातून पुडी काढून पानावर ठेवली. “आण्णाचा जीव हिच्यात अडकला आसंल.” मी पुढं झाले, पुडी उचलली आणि लांब पाण्यात भिरकावली. “याच्यात जीव अडकला नव्हता रे, याच्यानं जीव गेला!” बाईमाणसानं तिथं ओरडायचं नसतं. ओरडले. नंतर कधीतरी कावळा शिवला, तेव्हा सगळे मान खाली घालून उभे होते आणि त्यातल्या निम्म्यांचे गाल फुगलेले होते.

ग्रामसभा झाली ती खोलीला दादाचं नाव द्यायला. नवा सरपंच माझाच जुना विद्यार्थी, त्यानं अदबीनं मला बोलायला उभं केलं. मी गोड काहीच बोलले नाही. म्हटलं, नाव नंतर द्या, आधी तंबाखूपट्टी बंद करा आणि खोलीचा खर्च घरपट्टीत घ्या. मग एकजण उठला, “बाई, आमी तंबाकूला हात लावत न्हाई. आमी कावून द्यावं?” त्याच्या मागचा म्हणाला, “आमी खातो बी आन् देतो बी. आनखी कावून द्यावं?” दोघांनाही टाळ्या पडल्या, त्याच लोकांच्या. मी हात वर करायला सांगितलं. एक हात वर आला. शाळेमागच्या टपरीवाल्या बाबूचा. पट्टी त्याच्या गल्ल्यातून जात होती ना! सगळी सभा खो खो हसली. दादा असता तर तोही महिनाभर हसला असता. मी खाली बसले. गावाबद्दल तो खरं बोलला होता, आणि हे त्याला सांगायला तो नव्हता.

सभा उठता उठता सरपंचानं वहिनीकडं खोलीत लावायला दादाचा फोटो मागितला, फेट्यातला. बायकांत बसलेल्या वहिनीनं पिशवीतून फ्रेम काढली. ऑपरेशननंतरचा फोटो. “फेट्यातला माजा हाय. खोलीला ह्यो लावा.” सरपंच चाचरला, “काकू, पोरं भितील की...” वहिनी आवाज न चढवता म्हणाली, “पोरं हेच तोंड आसताना त्येंच्या मांडीवर बसत हुती. आला न्हाईत ते तुमी.” सरपंचानं फ्रेम हातात घेतली.

फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावलाय. गेल्या बाजारच्या दिवशी मी गेले होते. तंबाखूपट्टी नेहमीएवढीच जमते, नर्सबाईनं सांगितलं. फरक एवढाच, की बापे पोरांना आणतात आणि बायकांच्या हवाली करून बाहेरच थांबतात. आत एक चारेक वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर वाफ घेत होती. धाप कमी झाली तसा तिनं मास्क बाजूला सारला आणि हाक मारली, “पप्पा, आत या की!” बाप उंबऱ्याबाहेर उभा होता. त्यानं एकदा भिंतीकडं पाहिलं आणि नजर वळवली. तोंड भरलेलं असल्यामुळं त्याला ओ देता येईना. मुलीनं परत हाक मारली. आईनं तिच्या तोंडाला मास्क लावला आणि त्याच्याच पैशांवर मशीन पुन्हा सुरू झालं.