उन्हात वाळवलेला रिमोट

आमच्या घरात संपलेले सेल फेकत नाहीत, वाळवतात. वडिलांनी टॉर्चचे वाळवले, मी रेडिओचे वाळवले. लातूरचं ऊन खाल्लं की मेलेला सेलसुद्धा घटकाभर डोळे उघडतो.

टीव्हीवर क्रिकेट खेळायचे आमचे बिनवायरचे रिमोट दोन. (आमची पल्लवी त्यांना कंट्रोलर म्हणते.) जुना तिचा, त्यात साधे सेल घालायचे. नवा माझा, त्याची बॅटरी आतच बसवलेली, काही केल्या बाहेर निघत नाही. यातला कुठलाही बंद पडला तरी खेळ थांबत नाही. त्या गड्याच्या वतीनं मशीनच खेळत राहतं.

पल्लवीला बंगळुरूला नोकरी लागली. मला आनंद झाला नाही, खोटं कशाला बोलू? जायच्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "पप्पा, शेवटची मॅच. हरंल त्यानं बसस्टँडवर रडायचं न्हाई!"

मी रिमोट उचलला, तर ठार मेलेला! चार्जिंगची वायर तिच्या बॅगेत तळाशी, आणि ती बॅग मी स्वतः वर बसून बंद केलेली.

"थांब, घंटाभर ऊन देतो," मी म्हणालो.

"पप्पा, त्याची बॅटरी आतमधी हाय!"

"आत हाय म्हणून तर जास्त ऊन लागतंय!"

स्लॅबवर कुरडयांच्या रांगेत त्याला झोपवला. घंट्यानं आणायला गेलो तर त्याचं पोट टम्म फुगून सांधे उकललेले! बायको ओरडली, "अहो, बाळंत व्हतंय का काय ते? बाहीर ठिवा!"

"झाला का चार्ज?" पल्लवीनं आतून विचारलं.

नाही म्हणालो असतो तर मॅच गेली असती. "फुल्ल!" म्हणालो आणि रिमोट टॉवेलात गुंडाळून खेळायला बसलो.

मशीन माझ्या वतीनं खेळत होतं आणि मी मेलेली बटणं दाबत "आउट! आउट!" बोंबलत होतो. मध्येच पल्लवी रिमोटसकट पाणी प्यायला उठली. परत आली आणि काय छक्के मारले पोरीनं! एका नो-बॉलवरून आम्ही कडाक्याचं भांडलो. शेवटी मी हरलो.

बसस्टँडवर ती रडली नाही. मी मात्र खिडकीतून डबा देता देता हमसून रडलो.

"पप्पा, अट!" ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

घरी आलो तर घर खायला उठलं. उगीच तिचा रिमोट हातात घेतला, झाकण उघडलं. दोनाच्या जागी एकच सेल!

"अगं, दुसरा सेल कुठाय?"

"घड्याळात," बायको म्हणाली. "बंद पडलं व्हतं. पाणी प्यायला आली तवा, गाडी हुकंल म्हणून तिनंच घातला."

"मग मॅच कशानं खेळली ती?"

"म्या बी तेच इचारलं. तर म्हणली, पप्पा लई खूश हायत, ऱ्हाऊ दे."

म्हणजे मशीननं मशीनला हरवलं, आणि आम्ही बापलेक दोन मेलेले रिमोट धरून नो-बॉलवरून भांडलो! त्यातही हरलो मीच. रडायचं नाही, एवढं एकच काम माझ्या हातात होतं. तेही जमलं नाही!