महादेवरावांची पापणी

मोताळ्याकडच्या आमच्या गावात महादेवराव सोयरिकी जुळवतात. एकसष्ट लग्नं त्यांच्या शब्दावर लागली. लोक शेत राखतात, त्यांनी शब्द राखला.

गेल्या साली ते गावातल्या राजकुमारचं स्थळ घेऊन मेहकरला भागवतरावांकडे गेले. उन्हं कलली होती. भागवतरावांच्या करिष्मानं पोह्यांच्या बशा फिरवल्या. महादेवराव म्हणाले, "पोरगा लाखात एक. सुपारीलेही हात लावत नाही." आणि त्यांची डावी पापणी हळूच खाली आली. "स्वभावानं गरीब हाये." पुन्हा पापणी खाली.

आमच्याकडे मध्यस्थाला भर बैठकीत स्थळाची खोट सांगता येत नाही. तो डोळ्यानं सुचवतो. भागवतरावांनी तिथंच हात जोडले. मग गावोगाव बोललं जाऊ लागलं, महादेवराव तोंडानं जुळवतात अन् डोळ्यानं मोडतात. त्यांना कुणी बोलावेना.

घरी बायकोचं, विमलबाईंचं वेगळंच. "त्या झुंबरबाईले पाहून काऊन डोया मारला?"

"अवो, मी नाही मारला. तो आपोआप पडते!"

"सकायी बरा नाही पडत?"

हे मात्र खरं. सकाळी पापणी टवटवीत असायची, दिवस कलला की तीही कलायची.

बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना मिनिटभर छताकडे पाहायला लावलं. पाहता पाहता पापणी उतरली. बाईंनी रक्त तपासलं आणि छातीचा स्कॅन सांगितला.

"बाई, डोया इथं वर हाये!"

"माहीत आहे. पण कारण खाली असू शकतं."

निघालीच गाठ, छातीच्या हाडामागे. तिच्यापायी अंगातले राखणदार बिघडले होते आणि नसेचा निरोप पापणीपर्यंत पोचू देत नव्हते.

ऑपरेशन झालं, गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी पापणी सावरली. महादेवरावांनी स्कॅनची फिल्म काखेत मारली आणि मेहकरची बस धरली.

भागवतरावांनी फिल्म खिडकीशी धरून खालीवर पाहिली. "म्हणजे डोया ह्या गाठीनं मारला म्हणता? मंग बसा दिवेलागणीपर्यंत. पाहतोच मी."

महादेवराव बसले. समोर भागवतराव, नजर पापणीवर रोवून. दोनदा चहा झाला. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, भिंतीवरून पत्र्यावर गेलं, विरलं. दिवा लागला. पापणी जागची हलली नाही. भागवतरावांच्या मात्र दोन्ही मिटल्या होत्या.

करिष्मानं त्यांचा खांदा हलवला. "बाबा, उठा. नाही पडली, मी पाह्यलं. बोलणी कधी करता?"