पिवळ्या टोपीवरचा तुरा

जैतापूरच्या बंदरात बोटीकडे नेणाऱ्या पडावात पाय ठेवला, तेव्हाच मागे फिरावं असं वाटत होतं. मी मुळात भित्रा माणूस. शाळेत चित्रकला शिकवतो आणि मुलं फार दंगा करू लागली, तर हेडमास्तरांना बोलावून आणतो. असल्या माणसाने ऐन गडबडीत मुंबईला का जावं, असं घरात एकूण एकाने विचारलं होतं.

कारण माझ्या खांद्याला लटकत होतं. जुना घडीचा कॅमेरा आणि त्यात आठ फोटोंचा एक कोरा रोल. मला तुऱ्यांचं वेड आहे. कोंबड्याचा तुरा, मोराचा तुरा, उसाला आलेला तुरा, लाटेच्या माथ्यावरचा फेसाचा तुरा, असं जे जे डोक्यावर मिरवलं जातं, त्याचे फोटो मी घेत असतो. गिरगावातल्या एका मासिकाच्या संपादकांना त्यातले दोन आवडले आणि मुंबईतल्या तुऱ्यांचे आठ फोटो पाठवा, असं त्यांचं पत्र आलं. कॅमेऱ्याला दिवा नाही, म्हणून सगळे उघड्यावर, उन्हात घ्यायचे. आईला हे वेड मुळीच मान्य नाही. पण लालबागला दिलेली माझी थोरली बहीण, आमची आक्का, सात महिन्यांची गरोदर होती आणि महिन्यापूर्वी मुंबईत गोळीबार झाल्यापासून तिचं पत्र नव्हतं. तिला बघून ये, म्हणून आईने मला घराबाहेर काढलं.

बोटीवर दुसरा विषय नव्हता. लाठी, अश्रुधूर, संचारबंदी. विजयदुर्गला चढलेला एक गृहस्थ पुतण्याचा हात कसा मोडला ते सांगत होता आणि ऐकणारे आपापले हात चाचपत होते. सकाळी वाऱ्याने लाटा उठल्या. त्यातल्या एकीचा फुटता माथा मी टिपला आणि चावी तशीच ठेवली. हे जरा सांगून ठेवतो. या कॅमेऱ्यात फोटो घेतला की चावी फिरवून फिल्म पुढे सरकवावी लागते. विसरलं तर एका फोटोवर दुसरा बसतो नि दोन्ही बिघडतात. फार वेळ ताणून ठेवलेली फिल्म वाकते, असं मला शिकवलेलं, म्हणून मी चावी पुढच्या फोटोच्या आधी फिरवतो.

भाऊच्या धक्क्यावर पोलिसांनी ट्रंका उघडायला लावल्या. निळ्या गणवेशातला, पिवळ्या टोपीचा शिपाई कॅमेरा उलटसुलट करून बघू लागला. कशाचे फोटो काढणार, असं त्याने विचारलं. मी खरं तेच सांगितलं. वेड्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं आणि जाऊ दिलं.

गिरगावात शिरलो तर भिंतीभिंतीवर खडूने नि डांबराने लिहिलेलं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. दुकानं निम्मी उघडी होती. दुकानदार फळी हातात धरूनच गिऱ्हाइकाशी बोलत होते. रस्त्याला व्हिक्टोरिया गाडीचा घोडा उभा होता, डोक्यावर लाल पिसांचा तुरा खोचलेला. तो घेतला. पुढे एका चाळीच्या कमानीवर चुन्यात घडवलेला मोर होता, त्याच्या तुऱ्यावर सकाळचं ऊन पडलं होतं. तोही घेतला आणि मान खाली केली, तर पाच-सहा तरुण मला घेरून उभे.

कुणाचा माणूस, असं एकाने विचारलं. मी मोराकडे बोट दाखवलं. "मोर? भाई, मोराच्या खाली आमची मीटिंग भरते रोज. आमची थोबाडं मोजायला आलायस तू," तो म्हणाला आणि त्याने कॅमेऱ्याचा पट्टा धरला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोलीस साध्या कपड्यांत फोटो काढून नेतात आणि मग माणसं उचलतात, हे मला बोटीवर कळलं होतं. मी कसंबसं संपादकांचं नाव घेतलं. ते त्याच चाळीत राहत होते म्हणून वाचलो. बंडी घातलेले संपादक जिना उतरून आले, त्यांनी मला सोडवलं, चहा पाजला आणि निरोप देताना खालच्या आवाजात सांगितलं, "कोंबडे घ्या, घोडे घ्या. माणूस मात्र घेऊ नका, मास्तर. सध्या माणसाचा फोटो म्हणजे पुरावा."

हे वाक्य घोकत मी ट्रामने लालबागला आलो.

आक्काने दार बोटभर उघडलं, मला बघितलं, आत ओढलं आणि कडी घातली. भावोजी कुठे, हे मी विचारायच्या आधीच तिने तोंडावर बोट ठेवलं. भावोजी गिरणीत साळखात्यात (विणकामाच्या विभागात) कामाला. गावाकडे शक्ती-तुऱ्याच्या नाचात त्यांचा आवाज गाजलेला, इथे गिरण्यांच्या दारासमोरच्या सभांत ते डफावर पोवाडे म्हणत. पोलीस दोनदा येऊन गेले होते. त्यांच्याकडे भावोजींचं नाव होतं, चेहरा नव्हता. भावोजींचा फोटो कुणीच कधी काढलेला नव्हता, लग्नातसुद्धा. म्हणूनच ते अजून मोकळे होते, रोज वेगळ्या गाळ्यात (एका गावच्या गड्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत) निजत होते. आक्काने भाकरी आणि सुंगटाचं (कोळंबीचं) कालवण वाढलं. जिन्यावर पाऊल वाजलं की तिचा हात थांबे, त्याबरोबर माझा घासही थांबे.

दुसऱ्या दिवशी शिवडीला गेलो, ते खरं तर त्या खोलीतून सुटायला. किल्ल्याच्या बाजूला झुडपांत शिपाई बुलबुल होते, काळ्या टोकदार तुऱ्याचे. मी तासभर दबून बसलो आणि शेवटी एकाचा फोटो घेतला, तो मोहरीएवढा येणार हे मला ठाऊक होतं. खाली चिखलाच्या कडेला लव्हाळ्याचे तुरे वाऱ्यावर हलत होते, त्यांचा बरा मिळाला. तेवढ्यात गोदामाकडच्या पहारेकऱ्याने हाक दिली आणि मी चिखलातून पळालो. वहाण तिथेच राहिली. एका पायाने लंगडत परतताना परळला गिरणीच्या धुराचा आभाळात गेलेला तुरा टिपला. चाळीच्या कौलांवर आरवणारा कोंबडा हा माझा सातवा. संपादकांचं ऐकलं होतं, कुठेही माणूस नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावोजी आले. परत निघायचा माझा बेत होता. आक्का मला गच्चीवर घेऊन गेली, तर पाण्याच्या टाकीमागे ते उभे, दाढी वाढलेली, पण डोक्याला नाचातला भगवा फेटा आणि वर ताठ जरीचा तुरा. मला बघून हसले. म्हणाले, दत्ता, एवढ्या लांबून तुरे शोधत आलास, नि घरचा तुरा नको काय? मी हात जोडले. फोटो पोलिसांच्या हाती पडला तर काय होईल ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग आक्काकडे बघून ते आमच्या गावच्या बोलीत म्हणाले, "पोर जन्माक येतला. बापूस कसो होतो, तां त्येका कोणी दाखवूचा?"

त्यांच्यामागे नुसतं आभाळ होतं. मी चावी फिरवली, आठ आकडा आला, आणि फोटो घेतला. भावोजी फेटा सोडून काखेत मारून शेजारच्या गच्चीवर उतरले आणि दिसेनासे झाले. मी आक्काच्या पाया पडलो आणि ट्रंक घेऊन निघालो.

चाळीपासून चार इमारतींवर हवालदाराने मला अडवलं.

पन्नाशीचा, पिवळ्या टोपीचा, मिशा पिकत आलेला माणूस. कॅमेऱ्यात काय आहे, असं त्याने शांतपणे विचारलं. कोंबडा आहे, बुलबुल आहे, म्हणालो. माणसं? नाहीत. रोल संपला का? माझी पाचावर धारण बसली. झाकण उघडून फिल्मला ऊन दाखवावं, असं एकदा मनात आलं. पण मग का उघडलंस, कुठे उतरलायस, कोण तुझं इथे, हे सगळं आलं असतं आणि ते आक्काच्या दारात जाऊन थांबलं असतं. कॅमेऱ्याच्या मागच्या लाल काचेत आठ आकडा तसाच होता. चावी मी अजून फिरवलेली नव्हती.

"एक शिल्लक आहे," मी म्हणालो. "तुमचा काढू का?"

माझा आवाज मलाच परका वाटला. हवालदाराने रस्त्यावर मागेपुढे बघितलं. मग टोपी सारखी केली, मिशांवरून हात फिरवला. मी त्याला चुना लावलेल्या भिंतीसमोर उभं केलं. उन्हात ती भिंत डोळे दिपवत होती. भावोजींचा चेहरा जिथे होता बरोबर तिथे त्याचा चेहरा यावा म्हणून मी अर्धं पाऊल मागे, मग पुढे सरकलो. पोटाशी कोपर दाबून धरलं. चावी न फिरवता मी खटका दाबला.

फोटो झाल्यावर मला सोडील असं वाटलं होतं. पण हुकूम तो हुकूम, म्हणत तो मला चौकीत घेऊन गेला. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, रोल धुऊन घ्या, काय निघतं ते मला सांगा. परळ नाक्यावरच्या एका स्टुडिओत आम्ही दोघं बाकावर बसलो. आत म्हातारे मालक रोल धूत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मी त्या बाकावर शिकलो. हवालदार कऱ्हाडकडचा निघाला. आयुष्यात एकच फोटो काढलाय, तोही भरती होताना, असं त्याने सांगितलं. माझा कसा येईल हो, असं तो दोनदा विचारत होता आणि प्रत्येक वेळी मी आतल्या दाराकडे बघत होतो.

मालक ओली फिल्म घेऊन बाहेर आले. उजेडावर धरून हवालदाराने एकेक बघितला. लाट, घोडा, मोर. शेवटचा त्याला कळेना, म्हणून त्याने त्याचा कागदावर छाप काढून मागितला. पुन्हा थांबलो. छाप आला तो त्याने एकट्याने खिडकीशी नेऊन बघितला, बराच वेळ. मग मला जवळ बोलावलं.

भावोजींच्या मागे सगळं आभाळ होतं, त्यामुळे त्यांची आकृती काळसर आली होती, आणि त्या आकृतीच्या आतच हवालदाराचं तोंड भरलं गेलं होतं. डोळे, मिशा, पिवळी टोपी सगळं त्याचं. बाहेरची कड मात्र फेट्याची, आणि टोपीच्या वर स्पष्ट, ताठ, जरीचा तुरा.

"मास्तर, ह्यो तुरा कुणाचा?" त्याने विचारलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी लपवलं नाही, लपवता आलंच नसतं. त्याने छाप चौघडी घालून खिशात ठेवला आणि फिल्मची गुंडाळी माझ्या हातात दिली.

"सायबास्नी सांगतो, कोंबडं नि पाखरं हायती, माझा फोटो तेवढा बिघडला. आजच्या बोटीनं जावा. पुन्यांदा हितं दिसू नका."

मी गेलो. बोटीवर आतून मी फुशारलो होतो. जन्मात एकदा तरी मला भीतीच्या पोटातून शहाणपण सुचलं होतं. घरी येऊन आक्काला आडून कळवलं, की हवालदाराने अडवलं, पण घरच्या तुऱ्याचा त्याला पत्ता लागला नाही. सात फोटो संपादकांना पाठवले. आठव्याचं त्यांनी विचारलं, बिघडला म्हणून कळवलं.

पुढच्याच महिन्यात मुंबईत पुन्हा गोळीबार झाला. भावोजी लालबागच्या रस्त्यावर होते. गोळी लागली आणि इस्पितळात नेईपर्यंत ते गेले. आक्काचं पत्र शेजारणीच्या अक्षरात आलं, ते मुलगी झाल्यानंतर. त्यात भावोजींनी तिला सांगितलेलं लिहिलं होतं, की दत्ताने मला पोलिसांपासून वाचवलं, त्याचे उपकार विसरू नको. आणि शेवटी लिहिलं होतं, की गच्चीवर काढलास तो फोटो पाठव, पोरीसाठी भिंतीवर लावायचा आहे.

मी त्या फिल्मवरून किती छाप काढले त्याची गणती नाही. उजेड कमी केला, जास्त केला, बोटाने सावली धरून बघितली. दर वेळी कागदावर हवालदार येतो आणि माझ्याकडे बघतो. भावोजींचं नाक नाही, डोळे नाहीत, ते हसले होते ते हसू नाही. शेवटी कात्री घेऊन टोपीच्या वरचा तेवढा तुरा कापून काढला. चार बोटांचा कागद. तो पाकिटात घालून आक्काला पाठवला आणि तुझ्या पोरीला सांग, हा तुझ्या बापाचा, असं लिहिलं.

एक गोष्ट मात्र मला तिला लिहिता आली नाही. चुना लावलेल्या त्या भिंतीसमोर भीतीने गडबडून माझ्या हातून चावी फिरली असती, तर भावोजींचा चेहरा पोलिसांना मिळाला असता. त्यांनी त्यांना धरलं असतं, आणि गोळीबार झाला त्या दिवशी भावोजी तुरुंगात असते.