कडक जमिनीवरची वेळ

अण्णा, म्हणजे माझे वडील, बेंगळुरूच्या रेसकोर्सवर घोड्यांना नाल ठोकायचे. शाळेत असताना सकाळी त्यांचा डबा घेऊन मीच जायची आणि कठड्याला टेकून घोड्यांचा सराव बघत राहायची. कोरड्या जमिनीवर सुसाट सुटणारा घोडा चिखलात कसा पाय आखडतो, ते तिथंच कळलं. पन्नासचं दशक संपता संपता मला एका इंग्रजी वर्तमानपत्रात टायपिस्टची नोकरी लागली. शर्यतींचं सदर लिहिणाऱ्या गृहस्थांचा मजकूर मी टाइप करायची.

एकदा मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी एका तांबड्या घोड्याला हमखास विजेता ठरवलं. कारण एकच, मागच्या खेपेची त्याची वेळ सगळ्यांत चांगली होती.

मी टाइप करता करता थांबले. "सर, ती वेळ कडक जमिनीवरची आहे. शिवाय तेव्हा तो एकटाच पुढं होता, कुणी त्याला दमवलं नाही. उद्या पुढं राहणारे आणखी दोन घोडे आहेत, आणि तीन दिवस पाऊस पडतोय. पहिल्या चार फर्लांगांतच त्याचा दम निघेल."

ते हसले. "नालबंदाची मुलगी आता आम्हाला शिकवणार! टाइप कर."

त्यांचं टाइप केलं. मग दुसरा कागद चढवला, माझा अंदाज कारणांसकट लिहिला, खाली सही केली आणि ऑफिसच्या फळ्यावर टाचला. तांबडा पहिल्या तिघांत येणार नाही, मागून येणारी काळी घोडी जिंकेल.

घरी अण्णा घाबरले. "स्वल्प, जरा गप्प बस ग. मला रेसकोर्सवर रोज जायचंय."

"खोटं काय लिहिलंय ते सांगा, कागद काढते."

अण्णा "खोटं काही नाही," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुढं राहणारे ते तिघंही एकमेकांना रेटत सुटले. शेवटच्या वळणावर तांबडा डुलायला लागला आणि पाचवा आला. पण काळी घोडीही दुसरीच आली. जिंकला तो असा घोडा, ज्याचं नावसुद्धा मी लिहिलं नव्हतं.

सोमवारी सगळ्या ऑफिससमोर ते गृहस्थ म्हणाले, "काय, तुझीही घोडी हरलीच की! नशिबाचा खेळ आहे हा."

"हरली," मी म्हणाले. "आणि का हरली ते मी सांगू शकते. ती आतल्या कडेनं धावली, तिथली माती खुरांनी उकरून निघाली होती. जिंकणारा बाहेरच्या कडेनं आला, तिथली जमीन घट्ट होती. मी ती बघायला हवी होती. तुमचा तांबडा का हरला, ते तुम्ही सांगा."

त्यांनी संपादकांकडे तक्रार केली. संपादकांनी मला छोट्या जाहिरातींच्या टेबलावर पाठवलं आणि फळ्यावर काही लावायचं नाही, अशी ताकीद दिली.

सरी, म्हणजे बरं, म्हटलं. फळ्यावर नाही लावलं. पुढच्या शर्यतीआधी अण्णांबरोबर सकाळीच मैदानावर गेले, छत्रीचं टोक दोन्ही कडांना मातीत खुपसून पाहिलं आणि नवा अंदाज लिहून माझ्याच टेबलाच्या काचेखाली ठेवला. दुपारपर्यंत तो वाचायला छापखान्यातली माणसंही वर आली होती.