मंगळावरचा म्हसोबा

अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढं हातात पेन आलं ते बचत गटात सही करण्यापुरतं. चुकलेलं समजून घ्या. तसं हे मी कुणाला पाठवणार नाहीच. माझी मुलगी वैशू मोबाईलवर लोकांचे असले अनुभव वाचून दाखवते, त्यात सगळे "मित्रांनो" म्हणून सुरुवात करतात. मला मित्र नाहीत. पण समोर कोणीतरी वाचतंय असं धरल्याशिवाय लिहिता येत नाही, म्हणून तुम्ही आहात असं धरते.

मी चारचौघांत बोलत नाही. बायका म्हणतात, हिच्या तोंडाला टाके घातलेत. टाके नाहीत. आत सगळं चालू असतं, बाहेर येत नाही एवढंच.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्याकडं म्हणतात, धरणात बुडालेल्या देवळातली घंटा ऐकू येते. ज्यांना ती ऐकू येते ते वेल्ह्याहून कशा अवस्थेत परत येत असतात ते मला ठाऊक आहे. मागून आलेल्या टेम्पोचा हॉर्न त्यांना ऐकू येत नाही, पाण्याखालची घंटा बरी ऐकू येते. अंगात येणाऱ्या बायकांचं तेच — सासू समोर बसलेली असली की येतं, एकटीनं खाचरात चिखल तुडवताना कधी येत नाही.

तर, आमची वस्ती गुंजवणी धरणाच्या वरच्या अंगाला आहे. खाली भाताची खाचरं, मागं डोंगर. शेळ्या घेऊन वर निघालं की एक बारकी खिंड लागते, आणि खिंडीत म्हसोबा. म्हसोबा म्हणजे गुडघ्याएवढा दगड. एका अंगाला कललेला, शेंदूर थापून थापून लाल झालेला. त्याच्या पुढ्यात कोपरा तुटलेला एक चपटा दगड आहे, त्यावर नारळ फोडतात. वर छप्पर नाही, आसपास एकही झाड नाही. नुसता मुरमाड माळ.

मागच्या दिवाळीनंतर मोबाईलवर मंगळाचे फोटो आले. तिकडं कुठलीशी गाडी उतरवली आहे, ती आपली आपण फिरते आणि फोटो काढून पाठवते, असं वैशू म्हणाली. मी बघितले. लाल माती, लाल दगड, लांबवर एक बोडकी टेकडी. मी ते परत परत बघितले. तिथं कोणी कधी चाललेलं नाही, कोणाची शेळी चरलेली नाही... असं काहीतरी मनात आलं. पण ते माझ्या मनात. बाकीच्यांचं काय झालं ते सांगते.

एकाला त्यात पदर घेतलेली बाई दिसली. एकाला चप्पल दिसली. माझी जाऊ पानशेतला पुण्याच्या लोकांच्या बंगल्यावर स्वयंपाक करते, तिथले साहेब म्हणाले की सगळं खोटं आहे, कुठल्यातरी वाळवंटात शूटिंग केलंय. म्हणाले आणि मटणाचा रस्सा अजून वाढायला सांगितला. आणि आमच्या अण्णांना त्यात म्हसोबा दिसला.

अण्णा माझे चुलत दीर. जमिनीचे प्लॉट पाडून विकायला मदत करतात, म्हणजे दोन्हीकडून घेतात. सत्कार असो, दहावा असो, बोलायला अण्णाच. त्यांनी गावातल्या पोरांकडून तो फोटो मोठा करून घेतला आणि समाजमंदिरात माणसं गोळा केली. आम्ही बायका मागं भिंतीला टेकून बसलो होतो.

"मंडळी, नीट बगा. ह्यो आपला म्हसोबा. कललाय कसा बगा. आन म्होरं नारळाचा दगड."

"शेंदूर बी हाय की," कोणीतरी म्हणालं.

पांडूतात्या म्हातारे आहेत, त्यांनी मोबाईल डोळ्याला लावला. "अण्णा, हितं तर समद्याच दगडांना शेंदूर हाय."

"मग समदेच देव, तात्या. ती देवांचीच जागा."

शाळेचे गुरुजी होते. ते म्हणाले, तिथली माती लोखंडाची आहे, गंजून लाल झाली आहे.

"पत्र्यावानी?" अण्णांनी विचारलं.

"तसंच समजा."

"म्हंजे तुमी आमच्या देवाला गंजका पत्रा म्हणता व्हय?"

गुरुजी हसले आणि खाली बघत बसले. त्यांना बदली हवी होती आणि अण्णांची वर ओळख होती. माझ्यासारखी न बोलणारी माणसं बरीच असतात, पण मला निदान कोणी बोलायचा पगार देत नाही.

एवढ्या लांब गाडी पाठवायची, तिनं तिथून फोटो धाडायचा, आणि आमच्या लोकांनी त्यात काय बघावं तर आपल्याच खिंडीतला दगड. दुसरा देवसुद्धा नाही. आपलाच.

इथवर माझं काही जात नव्हतं. पण अण्णांचं बोलणं संपलं नव्हतं. ते म्हणाले, आपला म्हसोबा मंगळावर आहे याचा अर्थ मंगळ आपल्या म्हसोबाच्या ताब्यात आहे. खिंडीत मंदिर बांधायचं. जो घसघशीत वर्गणी देईल त्याच्या घरातला मंगळ शांत.

माझी वैशू मंगळी आहे. कडक मंगळ, असं पत्रिका बघणाऱ्यानं सांगितलेलं. किकवीचं एक स्थळ त्याच्यावरून गेलं होतं. वैशूला त्याचं काही नव्हतं, तिला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेशाचे पैसे आम्ही बोकडं विकून जमवले होते, डब्यात ठेवले होते. त्या दिवशी घरी आले तर डबा पालथा. आमचे मालक अंगणात बसून पाय धूत होते.

"अण्णाला दिलं," ते म्हणाले. "पोरीचा मंगळ तरी जाईल. नर्शिंग काय, पुढल्या साली बी हुईल."

वैशू चुलीपाशी होती. ती भाकरी थापत राहिली. भाकरी तव्यावर टाकली ती उलटायचीच विसरली. मी ती करपलेली भाकरी मालकांच्या ताटात वाढली. माझ्याच्यानं तेवढंच झालं. रात्रभर मात्र मनात एकच — तो फोटो मी बघितलाय. नुसता माळ आहे. वारा आणि दगड. तो माळ माझ्या पोरीच्या नवऱ्याला खाणार, आणि ज्यांनी तो डोळ्यांनी बघितला तेच असं म्हणणार. प्रवेश घ्यायला थोडेच दिवस राहिले होते.

आता जे झालं ते.

मंदिराची आखणी करायला अण्णा आणि आमचे मालक खिंडीत गेले होते. मी शेळ्या घेऊन वरून उतरत होते. दुपार कलली होती, ऊन पश्चिमेकडून येत होतं, स्वच्छ, ढग नाही. अण्णांनी फ्लेक्स आणला होता, मंगळाचा तो फोटो आणि कोपऱ्यात हात जोडलेले अण्णा. फ्लेक्स जरा बाजूच्या एका दगडाला टेकवून ठेवला होता. जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. मालक मोबाईल धरून उभे होते आणि अण्णा म्हसोबाशेजारी उभे राहून भाषणाचा व्हिडिओ काढून घेत होते. "सुरू झालं का?" "व्हय, बोला." एवढं मला वरपर्यंत ऐकू आलं. मग अण्णा नीट दिसावं म्हणून एक पाऊल डावीकडं सरकले.

आणि आवाज बंद झाला.

त्यांचं तोंड हलत होतं. हात वर-खाली होत होते, भाषणात करतात तसे. पण आवाज नाही. मला वाटलं, वारा फिरला असेल. तेवढ्यात माझी पुढची शेळी त्यांच्या बाजूला गेली. तिच्या गळ्यात घंटी आहे. ती मान हलवत होती, घंटी हलताना मला दिसत होती... ती वाजत नव्हती. मागच्या शेळ्यांच्या वाजत होत्या.

तेव्हा माझं जमिनीकडं लक्ष गेलं. माझी सावली माझ्या उजव्या हाताला, पूर्वेला पडली होती. शेळ्यांच्या, मालकांची, फ्लेक्सची, सगळ्यांच्या सावल्या पूर्वेला. एकट्या म्हसोबाची सावली पश्चिमेला पडली होती. उन्हाकडं. लांब, काळी, काठ अगदी कापल्यासारखे. अण्णा त्या सावलीत उभे होते, आणि शेळीही.

फ्लेक्सवरच्या फोटोत दगडाची सावली डावीकडंच होती. म्हणजे पश्चिमेलाच.

मी शेळीला ओढायला गेले. माझा हात कोपरापर्यंत त्या सावलीत गेला. आमच्याकडं पहाटे थंडी असते, दव गोठल्यासारखं होतं, ती थंडी मला माहीत आहे. ही ती नव्हती. हात माझा राहिला नाही असं झालं. शेळी बाहेर आली तशी घंटी वाजायला लागली, आणि अण्णाही मागं सरले. त्यांचा आवाज मधूनच सुरू झाला, "— कृपेनं", असा. मग ते थांबले. स्वतःच्या गळ्याला हात लावला. सावलीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, परत सावलीकडं. त्यानंतर माझ्याकडं.

"वहिनी, तुमी कवा आलात?"

मी पदर पुढं ओढला.

"तुमी काय पाह्यलं?"

मी नेहमीसारखी गप्प. मला खरंच बोलता आलं नाही, पण त्यांना ते कसं कळावं. मी परत खाली बघितलं तर म्हसोबाची सावली सगळ्यांसारखी पूर्वेला होती.

आमच्या मालकांनी यातलं काहीही बघितलं नाही. ते मोबाईलमध्ये बघत होते. "अण्णा, ह्यात आवाजच आला न्हाई मधला," ते म्हणाले. "मोबाईल गेला वाटतं." अण्णांनी मोबाईल त्यांच्या हातातून हिसकून घेतला, व्हिडिओ एकदा बघितला आणि पुसून टाकला. फक्कीच्या रेघा पायानं मोडल्या. मालक म्हणाले, असं काय करता, तर म्हणाले, "जागा बरुबर न्हाई."

दुसऱ्या दिवशी अण्णा आमच्या दारात. मालक खाचरावर गेले होते हे बघूनच आले असणार. ओट्यावर नोटा ठेवल्या.

"वर्गणी जरा जास्तीच झाली हुती. हे अर्दं ठेवा. पोरीचं नाव घाला कॉलेजात." मागं वळून रस्ता बघितला. "वहिनी, खिंडीतलं... कुणाला बोललात काय?"

मी त्यांच्या पायांकडं बघत उभी राहिले.

"न्हाई बोललात ना?"

ते जाताना फाटकाला अडखळले. बायको मेल्यावरही या माणसानं तासभर भाषण केलं होतं, आणि आता एका गप्प बाईला घाबरून चालला होता. मी धमकी दिली असं त्यांना वाटलं असेल. मी आयुष्यात कुणाला धमकी दिलेली नाही, मला ती शब्दांत मांडताही येणार नाही.

अर्ध्या पैशांत वैशूचा प्रवेश झाला. राहिलेल्या पैशांसाठी कॉलेज थांबायला तयार झालं.

मंदिराचं काय, तर अण्णांनी गावाला सांगितलं की म्हसोबाला कौल लावला, देव म्हणतो मला उघड्यावरच राहू द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. काल मंदिर हवं होतं तेही पटलं, आज नको तेही पटलं. वर्गणी परत कोणी मागितली नाही. तिचं गावजेवण झालं, लोक जेवले आणि अण्णांचं नाव घेत घरी गेले. फ्लेक्स आता पांडूतात्यांच्या गोठ्यावर आहे, छप्पर गळतं तिथं. मंगळ खालच्या बाजूला केलाय, म्हशीला दिसतो.

वैशू सुट्टीला आली तेव्हा मी विचारलं, "मंगळावर घंटी वाजवली तर ऐकू येईल का गं?"

ती हसली. "आई, तुला कुठून सुचतं? तिथं हवाच लई पातळ हाय. आवाज कसाबसा येईल. आन थंडी इतकी की माणूस टिकायचा न्हाई." मग म्हणाली, "का गं?"

"सहज."

आवाज नाही आणि थंडी, हे दोन्ही मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मीच म्हटलं असतं की मनानं रचलं. मी अजूनही रोज खिंडीतून जाते. जाताना सावल्या बघते. सगळ्या बरोबर पडतात. त्या दिवशी का नाही, ते मला सांगता येत नाही, आणि ज्यांना सगळंच सांगता येतं त्यांना मी विचारणार नाही. म्हसोबा मंगळावर आहे असं तर मी मरेपर्यंत म्हणणार नाही. तेवढी मी अण्णांच्या पंगतीला बसायची नाही.

काल ते परत आले होते. गळ्याला मफलर, उन्हात. खिंडीतल्या त्या दिवसापासून त्यांचा आवाज घोगरा झालाय, तो तसाच आहे. राहिलेलं अर्धं त्यांनी माझ्यासमोर मोजलं, रबर लावलं आणि ओट्यावर ठेवलं.

"झालं, वहिनी. समदं फिटलं. आता तरी बोला कायतरी."

मी नोटा उचलल्या, पुन्हा मोजल्या. बरोबर होत्या. मान हलवली, आणि दार लावून घेतलं.