लोणारच्या देवळात मला दोनदा चढवलं

मला आयुष्यात जितकं उचललं गेलंय, तितकं मलकापूरच्या बाजारात कापसाचं गाठोडंही उचललं जात नसेल. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय नेले आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येक धडधाकट माणसाला मी सार्वजनिक मालमत्ता वाटते. लग्नात उचला, एसटीत उचला. मतदानाच्या दिवशी तर दोन पक्षांचे कार्यकर्ते दोन बाजूंनी उचलायला येतात. यात कुणी वाईट नाही. उलट सगळे इतके चांगले आहेत की चिडायची सोय नाही. तरी मी चिडते.

म्हणून लोणारला अपंगांसाठी खास सहल निघणार, चाकाची खुर्ची जाईल अशाच वाटा, जुन्या देवळाला लाकडी उतार, सोबत शिकलेली गाईड, असं कळलं तेव्हा मी शिवणाचा क्लास एक दिवस बंद ठेवला. सरोवराचं मला फारसं कौतुक नव्हतं. मला एकच हवं होतं: देवळाच्या ओट्यावर माझी मी, माझ्या हातांनी चाकं फिरवत चढायचं. पन्नाशी उलटली तरी ही हौस मी कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर ऐकणारा लगेच म्हणाला असता, "चला, नेतो उचलून."

गाडीत माझ्या शेजारी वडनेरचे एक गुरुजी होते. पेटी शिकवायचे. डोळ्यांनी अजिबात दिसत नव्हतं, पण जिभेला लगाम नव्हता. गाईड लोणारचीच पोरगी. सरोवराच्या काठावर तिनं गुरुजींच्या हातात मातीचा एक पसरट वाडगा दिला आणि त्यांची बोटं आतून फिरवत म्हणाली, "पाहा गुरुजी, असं आहे आपलं सरोवर. चहूकडून कड उंच, अन् मधात पाणी."

गुरुजींनी वाडगा नीट चाचपला. "समजलं," ते म्हणाले. "आता याच्यात थोडं वरण वाढ."

इथवर सगळं छान चाललं होतं. घोळ झाला तो देवळापाशी, आणि तो केला सत्कारानं. आमच्याकडे पाहुणा शाल-श्रीफळाशिवाय परत गेला तर गावाची अब्रू जाते. इथं तर आम्ही आठ-दहा जण, त्यातही अपंग, म्हणजे सत्काराला दुप्पट जोर. देवळासमोर मांडव, माईक, खुर्च्या. आम्हाला बसायलासुद्धा खुर्च्या मांडलेल्या. मी खुर्ची घरूनच आणली होती हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि ज्या उतारासाठी मी आले होते, त्यावर खालपासून वरपर्यंत सुरेख रांगोळी. कुणी तुडवू नये म्हणून तोंडाशी दोन कुंड्या.

गाईडनं संयोजकांना बाजूला घेतलं. "दादा, हा उतार या लोकायसाठीच आहे ना? मंग यायनं जावं कुठून?"

"जातीन ना ताई! पाहुणे येऊ द्या, फीत कापू द्या. सकाळपासून तीन बाया वाकून राह्यल्या त्या रांगोळीसाठी."

पाहुणे आले, उशिराच आले. मग माझ्या गळ्यात हार, खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्यात पुष्पगुच्छ. टाळ्या झाल्या. आता चाकं फिरवायला मला आणखी दोन हात लागले असते. गुरुजींना मात्र मोठ्या चौकटीतली वस्तू मिळाली.

"काय आहे हे?" त्यांनी मला विचारलं.

"सरोवराचा फोटो."

"कसा आला?"

"झकास."

"मंग तुमीच ठेवा. मले तुमचं नारळ द्या, चटणी तरी होईन."

शेवटी फीत कापली, कुंड्या हलल्या. हार, शाल, गुच्छ, नारळ सगळं गुरुजींच्या मांडीवर टाकून मी उताराशी गेले. चाकांना हात घातला, पुढची चाकं फळीवर चढली, आणि रांगोळीच्या भुकटीवर खुर्ची जराशी घसरली. एवढं निमित्त पुरे झालं. गावातले चार जण धावले, देवाच्या नावाचा गजर झाला, आणि मी खुर्चीसकट हवेत! डोळे मिटून उघडेपर्यंत ओट्यावर. खाली टाळ्यांचा कडकडाट. चौघांचे चेहरे पुण्यानं नुसते उजळलेले.

मला इतका संताप आला की रडूच फुटलं.

"खाली ठेवा मले!"

"ठेवलं ना, मावशी."

"इथं नाही! जिथून उचललं तिथं!"

"आता काऊन खाली? चढल्या ना तुमी!"

"मी नाही चढलो, तुमी चढले! माही मी चढतो. न्या खाली!"

चौघांनी मला मुकाट्यानं खाली नेलं. गाईड उताराच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली आणि माईकवाल्याहून मोठ्यानं ओरडली, "कोणीच हात लावाचा नाही!"

मी चढू लागले. हात लावता येत नाही म्हटल्यावर गाव तोंडानं ढकलू लागलं. "डावीकडं दाबा!" "ब्रेक धरा, ब्रेक!" "दम घ्या ना, घाई काय हाय!" अर्ध्यात माझे दंड भरून आले. रांगोळीतला मोर अर्धा चाकाला, अर्धा माझ्या तळहातांना लागला. त्या तीन बायांपैकी एक म्हणाली, "जाऊ द्या हो, मोर उद्या पुन्हा काढता येते." मी चढले. ओट्यावर खुर्ची सरळ झाली तेव्हा पुन्हा रडू आलं, पण हे वेगळं होतं. मला फार, फार आनंद झाला होता.

आणि समोर गाभाऱ्याचा उंबरठा. दगडी, गुडघाभर उंच. उतार ओट्यापाशी संपला होता. जुन्या दगडावर पुढं उतार बसवायची परवानगी नाही, असं गाईड म्हणाली. बाहेरून आतला दिवा तेवढा दिसत होता, देव नाही.

चौघे वर येऊन भिंतीला टेकून उभे होते. हात पाठीमागे बांधलेले, नजर जमिनीवर. माझ्या बोलण्याचा त्यांनी चांगलाच धसका घेतला होता. पुढं यायची कुणाची छाती होईना.

"दादा," मी म्हटलं, "इथून मले उचलून न्या."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला वयस्कर पुढं आला, खुर्चीभोवती एक चक्कर मारली आणि समोर वाकून हळूच म्हणाला, "मावशी, कुठून धरू?"

इतक्या वर्षांत इतक्या माणसांनी मला उचललं होतं. हे मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी त्याला खुर्चीची खालची नळी दाखवली.